गाठीभोवतीची रेघ

कर्करोगाच्या रुग्णाचे किरणोपचार सुरू होण्याआधी डॉक्टर संगणकापुढे बसून एक किचकट काम करत असतात. सीटी स्कॅनचे काप एकामागून एक उघडायचे आणि प्रत्येक कापावर गाठीभोवती रेघ काढायची. मग त्या रेघेच्या बाहेरून आणखी एक रेघ. या दोन रेघांमधल्या पट्ट्यात बहुतांशी निरोगी शरीरच असतं. तरीही तिथे पूर्ण मात्रेचे किरण जातात. कारण रुग्ण उद्या टेबलावर अगदी आजच्यासारखाच झोपेल आणि गाठही आजच्याच जागी असेल, याची खात्री कुणालाच देता येत नाही.

हा पट्टा किती महागात पडतो ते हिशेब केल्यावर कळतं. ४ सेंमी व्यासाची गोल गाठ धरा. तिचं आकारमान साधारण ३३ घन सेंमी. चहूबाजूंनी १ सेंमीचा पट्टा सोडला की व्यास ६ सेंमी होतो आणि किरण झेलणारा भाग ११३ घन सेंमी, म्हणजे तिपटीहून जास्त. पट्टा अर्ध्या सेंटिमीटरवर आणला, तर हाच आकडा ६५ वर येतो. शरीराचे जवळजवळ ४८ घन सेंमी वाचले. तो भाग आतड्याचा, लाळग्रंथीचा किंवा हृदयाचा असेल, तर रुग्णाचं पुढचं सगळं आयुष्य त्यावर अवलंबून असतं.

गेल्या दोन-अडीच दशकांत किरणोपचार बदलले, त्याचं मर्म माझ्या मते या पट्ट्यात आहे. किरणांच्या मारकशक्तीची वानवा तेव्हाही नव्हती. रंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी डॉक्टर त्यांनी गाठी भाजू लागले. अडचण होती ती आतलं न दिसण्याची. लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि शरीराच्या आतला काप डोळ्यांना दिसू लागला. पण तो फोटो उपचारापूर्वीचा. उपचार पुढे कित्येक आठवडे चालणार, आणि शरीर काही फोटोसारखं स्थिर राहत नाही.

गर्भाशयाचंच बघा. ते मूत्राशयाला टेकलेलं असतं. मूत्राशय भरलं की ते वर सरकतं, रिकामं झालं की खाली येतं, आणि हा फरक काही सेंटिमीटरचा असू शकतो. म्हणून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णाला रोज ठरलेलं पाणी पिऊन थांबायला सांगतात. बायकांना त्याचा कंटाळा येतो, बाहेर बाकड्यावर अवघडून बसावं लागतं, पण त्या पाण्यामागे भूमिती आहे.

आता उपचाराचे किरण सोडणाऱ्या लिनॅक यंत्रालाच क्ष-किरणांची एक वेगळी नळी आणि तिच्यासमोर प्रतिमा टिपणारा फलक बसवलेला असतो. रुग्ण टेबलावर झोपला की ही जोडी त्याच्याभोवती फिरते, साधारण मिनिटभरात त्रिमितीय चित्र तयार होतं आणि ते मूळ आराखड्यावर ठेवून ताडून पाहिलं जातं. चार मिलिमीटर डावीकडे सरकलंय? टेबल तेवढं सरकवायचं, मगच किरण सोडायचे. डोक्या-मानेच्या रुग्णासाठी प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती त्याच चेहऱ्याच्या आकारात कडक होते आणि पुढे रोज तीच वापरतात.

डाव्या स्तनाच्या कर्करोगात एक फार सुंदर युक्ती वापरतात. बाईने खोल श्वास घेऊन रोखला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जातं. श्वास रोखलेला असताना किरण चालू, सोडला की बंद. छातीच्या हालचालीवर बऱ्याच ठिकाणी कॅमेरे लक्ष ठेवतात. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या महिलांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेच्या दर एका ग्रेमागे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. दीर्घ श्वासाने वाचते ती हीच मात्रा.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या शास्त्रज्ञांनी तर एमआरआय आणि लिनॅक एकाच यंत्रात बसवले. प्रचंड चुंबकाशेजारी किरणांचं यंत्र बिनचूक चालवणं सोपं नव्हतं. २०१७ साली तिथे पहिल्या रुग्णावर उपचार झाले. मऊ अवयव सीटीपेक्षा एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतात, आणि इथे ते किरण चालू असतानाच दिसतात.

प्रोटॉन उपचारांची वर्तमानपत्रांत जास्त चर्चा असते. भारतात ते चेन्नईत २०१९ मध्ये आणि टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या केंद्रात २०२३ मध्ये सुरू झाले. प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा टाकून थांबतो, पलीकडे जात नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हे वरदान आहे. पण थांबण्याची जागा वाटेतल्या उतींवर ठरते, म्हणून तिथे बघणं अधिकच काटेकोर हवं. बहुसंख्य रुग्णांच्या दृष्टीने मला रोजच्या रोज घेतलेलं साधं चित्र अधिक मोलाचं वाटतं.

याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० महिलांना दोन गटांत वाटलं. एका गटाला जुन्या त्रिमितीय पद्धतीने किरण दिले, दुसऱ्याला किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या आणि चित्र पाहून नेम धरणाऱ्या पद्धतीने. तीन वर्षांनंतर आतड्याचे लक्षणीय त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के, दुसऱ्यात २१.१ टक्के. निम्मे! वारंवार शौचाला जावं लागणं आणि पोटाचं कायमचं दुखणं हे त्रास बायका सहसा बोलूनही दाखवत नाहीत, म्हणून मला हा आकडा फार मोठा वाटतो.

नेम पक्का झाल्यावर एका वेळची मात्रा वाढवायचं धाडस करता येतं आणि रुग्णाच्या फेऱ्या घटतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात २० किंवा ३९ वेळा किरण देण्याऐवजी फक्त पाच वेळा दिले तरी पाच वर्षांनंतरचे निकाल कमी नाहीत, हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवलं. स्तनाच्या कर्करोगातही ब्रिटनमधल्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत १५ ऐवजी पाच मात्रा पुरेशा ठरल्या; मात्र तिथे श्रेय नेमापेक्षा मुख्यतः पेशींच्या अभ्यासाला आहे. गावाकडची शेती, मजुरी सोडून शहरात धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबाला तीन आठवड्यांऐवजी एकच आठवडा लागणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून तुमच्या घरात कुणाला शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला सांगितला असेल, तर डॉक्टरांना विचारा: रोज चित्र घेऊन जागा तपासणार का? कमी दिवसांचा पर्याय आमच्या आजारात लागू पडतो का? बाहेरून दिलेले किरण शरीरात साठत नाहीत, त्यामुळे नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही. आणि सुरू केलेले उपचार मधेच सोडून गावी जाऊ नका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सगळे किरणोपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावे लागतात. जितका खंड पडतो, तितकी गाठ पुन्हा डोकं वर काढण्याची शक्यता वाढते.