आखातातील कामगार : करारपत्र आणि पारपत्र

१९७३ नंतर खनिज तेलाचे भाव एकाएकी वाढले आणि अरबी आखाताच्या काठावरील देशांत रस्ते, बंदरे व नवी नगरे उभारण्याची प्रचंड कामे निघाली. विरळ वस्तीच्या त्या देशांत एवढे मनुष्यबळ नव्हते. ते भारतातून व शेजारच्या देशांतून गेले. यात केरळचा वाटा मोठा; तथापि रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील खाडीकाठच्या अनेक गावांतूनही तरुण मंडळी तिकडे गेली. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत आज सुमारे नव्वद लाख भारतीय आहेत. गवंडी, सुतार, वाहनचालक, सफाई कामगार व घरकाम करणारे यांचा त्यांत मोठा भरणा आहे.

या कामगारांच्या अडचणींचे मूळ बहुधा ‘कफाला’ या पद्धतीत सापडते. परदेशी कामगाराचा राहण्याचा परवाना एका मालकाच्या जामिनकीवर अवलंबून असतो. त्या मालकाला ‘कफील’ म्हणतात. वेतन थकले तरी कामगाराला दुसरीकडे जाता येत नसे आणि काम सोडून निघून गेल्यास तोच कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या संमतीची अट काढून टाकली व मार्च २०२१ पासून दरमहा किमान १,००० रियाल वेतन बंधनकारक केले. सौदी अरेबियानेही २०२१ मध्ये काही बंधने सैल केली. मात्र कायदा बदलला म्हणून मालकाच्या कपाटातील पारपत्र आपोआप बाहेर येते असे नाही.

उन्हाळ्यात तेथील पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास मनाई आहे. राहण्याची व्यवस्था मालकाकडे असते. एका खोलीत अनेकांनी दाटीवाटीने राहावे, स्वयंपाकघर व न्हाणीघर सामाईक वापरावे, हा तेथील नित्याचा क्रम. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या अशाच एका इमारतीला पहाटे आग लागली. तीत किमान ४५ भारतीय कामगार मृत्युमुखी पडले.

परंतु पुष्कळदा कामगाराची फसगत गावातच सुरू झालेली असते. दागिने गहाण टाकून किंवा सावकाराकडून कर्ज काढून दलालाला पैसे दिले जातात. मग तिकडे पोचल्यावर ठरल्यापेक्षा कमी वेतनाचा दुसराच करार पुढे आला, तरी कर्जाच्या ओझ्यामुळे परत फिरता येत नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालाला केंद्र शासनाकडे नोंदणी करावी लागते. त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये व त्यावरील कर एवढी ठरविण्यात आली. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला ठराविक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते; असे एक कार्यालय मुंबईत आहे. ही मंजुरी म्हणजे आणखी एक कटकट, असे समजून दलाल भेटीच्या व्हिसावर माणूस पाठवितात. असा माणूस शासनाच्या नोंदीत येतच नाही आणि वाद उद्भवल्यास त्याच्या हाती कराराचा कागदही नसतो.

दलालाचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर पडताळता येतो. गावातील शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला हे काम काही मिनिटांत करून देता येईल. दुसरी गोष्ट विम्याची. मंजुरी घेऊन जाणाऱ्या कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असून तीत अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. विमापत्र बहुधा कामगाराबरोबरच परदेशी जाते आणि घरच्यांना त्याची वार्ताही नसते. विमापत्राची, करारपत्राची व पारपत्राची एकेक प्रत, मालकाच्या पत्त्यासह, निघण्यापूर्वी घरी ठेवून घ्यावी. भारतीय दूतावासाकडे अर्ज करण्याची वेळ आली, तर कुटुंबाकडे प्रथम याच कागदांची विचारणा होते.