माशांचंही बिऱ्हाड असतं!

जालन्याहून जाफराबादला बिऱ्हाड आणताना मी फिशटँकच्या फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला. आठवड्याच्या आत लेकीचे चारही मासे गेले. मैत्रिणींनो, नडली ती माझी स्वच्छता! माशांच्या अंगातून निघणारा विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू त्या स्पंजात आणि तळाच्या खड्यांतच राहतात. म्हणून हे दोन्ही जुन्या पाण्यात, ओलेच न्यावेत. आदल्या दिवशी माशांना खाणं नको. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. टाकी रिकामी करूनच उचलावी. पोचल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यावी. समुद्री मासे असतील तर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षाराचं पाणी आधीच तयार हवं.

लेक म्हणाली, "आई, तू त्यांचं घरच धुऊन टाकलंस गं!"