दहा महिन्यांचा चित्रकार

तुमच्यापैकी कितीजणांच्या खोलीत आवडत्या नटाचं पोस्टर आहे? जपानमधल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, दोनशे वर्षांपूर्वीही हेच वेड होतं. तिथलं लाडकं नाटक म्हणजे काबुकी. त्यातल्या नटांची रंगीत छापील चित्रं दुकानात मिळायची, तीही एक-दोन वाडगे नूडल्सच्या भावात!

चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून रेषांभोवतीचं लाकूड काढून टाकी. म्हणजे मूळ चित्र त्यातच संपलं, बरं का! मग प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. कागद जरासा सरकला, तर ओठांचा लाल रंग थेट हनुवटीवर! म्हणून ठशांच्या कडेला खुणेच्या खाचा असत. कागद दर वेळी त्यांतच बसवायचा.

1794 साली त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकाने शाराकू नावाच्या नवख्या चित्रकाराची 28 चित्रं एकदम बाजारात आणली. मागे अभ्रकाची चमकती काळसर पार्श्वभूमी, पुढे मोठ्ठा चेहरा. त्यातला ओतानी ओनिजी हा नट कुठे पाहायला मिळाला, तर सोडू नका. एदोबेई नावाच्या गुंडाच्या भूमिकेत आहे तो. मान पुढे, ओठ घट्ट मिटलेले, कपड्यातून बाहेर आलेल्या हातांची बोटं फाकलेली. आता झडप घालणार! हात चेहऱ्याच्या मानाने फारच लहान आहेत, पण मला तर त्यामुळेच तो जास्त भीतिदायक वाटतो.

1629 साली स्त्रियांना काबुकीत बंदी झाली होती, तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करत. इतर चित्रकार त्यांना नाजूक सुंदरी बनवत. शाराकूने मात्र राकट जबडा, मोठं नाक, जसं दिसलं तसं काढलं. आपलं असं चित्र कुठल्या नटाला आवडेल? ओता नान्पो या लेखकाने तेव्हाच लिहून ठेवलंय, की हुबेहूब काढण्याच्या नादात शाराकूने नको तेही दाखवलं, म्हणून तो टिकला नाही. नंतरची त्याची चित्रं जरा मवाळच आहेत. दहा महिन्यांत 140हून जास्त चित्रं काढून 1795च्या सुरुवातीला तो गायब झाला.

1910मध्ये युलियुस कुर्ट या जर्मन अभ्यासकाने त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि जग शोधू लागलं, हा होता तरी कोण? बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, की तो सायतो जुरोबेई, आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला ‘नो’ नाटकातला नट. म्हणजे नटांना रंगवणारा स्वतःच नट! ‘नो’ हे सरदारांचं नाटक, काबुकी गल्लीबोळातल्या लोकांचं. खोटं नाव घ्यायला एवढं कारण पुरे नाही का?