वाळूने अडवलेली भरती

नदी समुद्राला मिळते, हे आपण शाळेत शिकतो. पण समुद्रच नदीला भेटायला उलटा धावत आला तर? चीनमधील छिएनथांग नदीवर असे घडते. ही नदी ज्या हांगचौ उपसागराला मिळते, त्याचे तोंड सुमारे शंभर किलोमीटर रुंद आहे. आत मात्र तो नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो. भरतीचे पाणी त्यात कोंडते, उथळ पात्रात चढते आणि पाण्याची भिंतच गर्जना करीत प्रवाहाविरुद्ध निघते! चिनी पंचांगातील आठव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी, ती पाहायला काठावर जत्रा लोटते. आपल्याकडे हुगळी नदीतही अशी लाट येते. बंगाली लोक तिला 'बान' म्हणतात.

चेन्नईची अड्यार नदीही समुद्रालाच मिळते. मग तिथे ही लाट का येत नाही? कारण सोपे आहे. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरच्या घरात जातो. चेन्नईत तो जेमतेम एक मीटर. तेवढ्या पाण्याची भिंत कशी उभी राहणार?

तरीही या नदीला भरती हवीच असते. दक्षिण तीरावर १८८२ पासून थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय आणि तिथला प्रसिद्ध वटवृक्ष, तर उत्तरेला श्रीनिवासपुरम ही कोळ्यांची वस्ती. मधल्या खाडीत भरतीबरोबर खारे पाणी आणि मासे येतात, ओहोटीबरोबर घाण बाहेर जाते. पण लाटा किनाऱ्याने वाळू वाहून आणतात. उन्हाळ्यात नदीला जोर नसतो. मुखाशी वाळूचा बांध साचतो, पाणी तुंबते, दुर्गंधी सुटते. म्हणून ऑक्टोबरच्या पावसाआधी यंत्रे लावून ही वाळू उपसावी लागते.

हे काम किती मोलाचे आहे? १ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत अतिवृष्टी झाली. चेंबरमबाक्कम तलावातून सेकंदाला २९,००० घनफूट पाणी अड्यारमध्ये सोडावे लागले. सैदापेट, कोट्टूरपुरम येथील घरे बुडाली. एवढ्या पाण्याला समुद्रात जायला हेच एक मुख!

मात्र या दाराने संकटही आत येते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेली त्सुनामी किनाऱ्यावर आदळली, नदीच्या मुखातून आत शिरली. श्रीनिवासपुरममधील अनेक कुटुंबांची घरे गेली. छिएनथांगची लाट चंद्र-सूर्याच्या ओढीने येते, तिची वेळ आधी सांगता येते. त्सुनामीचे तसे नव्हते. त्या दिवशी हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. २००७ मध्ये भारताने हैदराबादला तसे केंद्र सुरू केले.

छिएनथांगच्या काठी लोक विचारतात, लाट किती वाजता येणार? अड्यारच्या काठी दरवर्षी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पाऊस येण्याआधी वाळू निघाली का?