‘ब्लू व्हेल’ची धास्ती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुलै २०१७. अंधेरी पूर्वेला एका १४ वर्षांच्या मुलाने आयुष्य संपवलं आणि ‘ब्लू व्हेल गेमचा भारतातला पहिला बळी’ अशी बातमी देशभर झाली. प्रश्न विधिमंडळात गेला. ‘मुलांचे हात तपासा, व्हेल कोरलाय का बघा’ असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरू लागले. इंटरनेटसोबत वाढणाऱ्या मुलांबद्दलचे काही गैरसमज तेव्हापासून घट्ट बसले आहेत.

गैरसमज: ब्लू व्हेल हा मोबाइलवर डाउनलोड होणारा गेम होता.
वस्तुस्थिती: असा गेम नव्हताच. रशियातल्या ‘नोवाया गझेता’ने मे २०१६ मध्ये सोशल मीडियावरच्या काही ग्रुपांचा संबंध मुलांच्या आत्महत्यांशी जोडला आणि त्यातून ५० दिवस ‘टास्क’ देऊन शेवटी जीव द्यायला लावण्याची गोष्ट जगभर पसरली. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक वगैरेंना गेमच्या लिंक काढायला सांगितलं.

गैरसमज: या गेमने जीव घेतले, हे तपासात सिद्ध झालं.
वस्तुस्थिती: उलट झालं. सरकारी समितीने संशयित प्रकरणांतली उपकरणं, कॉल रेकॉर्ड, सोशल मीडियावरचा वावर असं सगळं पाहिलं. एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झाला नाही, असं गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितलं. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं. गेमवर खापर फोडलं की बाकीची कारणं विचारायची राहून जातात.

गैरसमज: नेटवरच्या अफवांना मुलंच भुलतात.
वस्तुस्थिती: २०१८ मध्ये मुलांना असेच ‘टास्क’ देणाऱ्या ‘मोमो’ची हूल उठली. तिचा म्हणून फिरवलेला भेसूर चेहरा म्हणजे जपानी कलाकार केइसुके आइसो यांचं शिल्प होतं. त्याचे फोटो पालकांच्या ग्रुपांवरही जोरात फिरले.

गैरसमज: ही पिढी नेटवरच वाढली, तिला सगळं कळतं.
वस्तुस्थिती: बोटं सराईत असली तरी पारख शिकवावी लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या मिडल स्कूलमधल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांनी ‘प्रायोजित’ असं लिहिलेली जाहिरातही बातमी मानली.

गैरसमज: फोन काढून घेतला की धोका टळला.
वस्तुस्थिती: फोन जाईल या भीतीने मुलं धमकी, ब्लॅकमेल, ट्रोलिंग घरात सांगत नाहीत आणि त्रास देणाऱ्याचं त्यामुळेच फावतं. मदत एका फोनवर आहे: सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८, मन खचलं असेल तर टेलि-मानस १४४१६.

हे तीन नंबर मुलांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून द्या. आणि ‘काहीही झालं तरी आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही’ हा शब्द द्या. दिलात की पाळाही.