मासळी नव्हे, मीठ कमी करा

“डॉक्टर, रक्तदाब निघाल्यापासून आम्ही बाबांची मासळी पूर्ण बंद केली आहे,” सूनबाईंनी समाधानाने सांगितले. शेजारी बसलेल्या ७६ वर्षांच्या काकांनी मान खाली घातली. ६ महिन्यांत त्यांचे वजन ४ किलोंनी घटले होते. तपासण्यांत दुसरे कारण निघाले नाही. जेवणावरचे मनच उडाले होते. मी मनाई केली होती ती खारवलेल्या बांगड्याला, सुकटीला आणि तेलात तळलेल्या तुकडीला.

उतारवयात स्नायू झिजत असतात. अशा वेळी मऊ, प्रथिनयुक्त मासळी ताटातून काढून घेणे परवडत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ सुचवते. ते पाळताना लिंबू फार उपयोगी पडते. आंबटपणामुळे मिठाची उणीव तितकीशी जाणवत नाही.

सूनबाईंना सांगितलेली कृती दोघांपुरती आहे. रावसाचे ३०० ग्रॅम बिनकाट्याचे, इंचभर जाडीचे तुकडे घ्यावेत आणि बोट फिरवून राहिलेले काटे काढावेत. लिंबाचा रस लावून १० मिनिटेच ठेवावे. अधिक वेळ ठेवल्यास मासळी घट्ट होते. पावाच्या दोन कापांचा कोरडा चुरा, एका लिंबाच्या सालीचा किस, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, मिरपूड आणि दोन चमचे तेल एकत्र करून तुकड्यांवर थापावे. साल किसताना वरचा रंगीत थरच घ्यावा, खालचा पांढरा कडू असतो. पावात मीठ असतेच, म्हणून वरून चिमूटभर पुरे. २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये १२ ते १५ मिनिटांत मासळी शिजते. काट्याने दाबताच पाकळ्या सुटल्या पाहिजेत. सोबत लाल भोपळा, गाजर आणि फरसबी वाफवून द्यावी, कवळीला चावेल इतकी मऊ.

लिंबाऐवजी संत्रे चालेल. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कोलेस्टेरॉलवरील ॲटोर्व्हास्टॅटिनसारख्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण त्यांमुळे वाढू शकते. बाजारातील ‘कमी सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते परस्पर सुरू करू नये.

पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर वरचे कुरकुरीत आवरण देऊच नये. कोरडा चुरा श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अशा रुग्णाला किती मऊ अन्न द्यायचे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. काटा घशात अडकला, तर भाताचा गोळा किंवा केळे गिळायला लावण्याची आपली जुनी रीत सोडावी, कारण काटा आणखी खोल रुततो. सरळ डॉक्टरांकडे न्यावे.

महिनाभराने काका आले, तेव्हा वजन किलोभर वाढले होते. सूनबाई औषधे घ्यायला बाहेर जाताच ते हळूच म्हणाले, “चव छान आहे हो, पण तळलेली तुकडी वर्षातून एकदा तरी चालेल ना?”

गणपती झाल्यावर एक, असे आमचे ठरले आहे.