आपला परिचय आपणच द्यावा

आपल्या भागात ‘ओळख’ या शब्दाला ‘वशिला’ असा दुसरा अर्थ चिकटलेला आहे. ‘त्याची वर ओळख आहे’ असे कोणी म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांपासून नोकऱ्या, दुकाने आणि कचेऱ्यांतली ये-जा आहे, त्यांच्या मुलांना अशा ओळखी आयत्या मिळतात. मामा कोर्टात, काका जिल्हा परिषदेत, आत्याचे यजमान पुण्याला कंपनीत. आपल्या समाजातील बहुसंख्य विद्यार्थी मात्र घरातले पहिले किंवा दुसरे पदवीधर असतात. त्यांना ओळख नव्याने करावी लागते, तीही अनोळखी माणसापुढे उभे राहून, आणि त्यासाठी हाती असतात फार तर चार-पाच वाक्ये. ती वाक्ये कशी असावीत, याविषयी प्रस्तुत लेखात थोडे सांगायचे आहे. आम्ही या विषयातले तज्ज्ञ नव्हे. बँकेच्या काउंटरमागे बसून वर्षानुवर्षे माणसे स्वतःविषयी काय सांगतात ते ऐकत आलो, एवढाच आमचा अधिकार.

परिचय देण्याची सवय आपल्याला अगदीच नाही असे नाही. वधू-वर परिचय मेळाव्यात मुले-मुली माईक हातात घेऊन नाव, शिक्षण, उंची, नोकरी आणि अपेक्षा अर्ध्या मिनिटात सांगून मोकळी होतात. ऐकणाऱ्याला काय हवे आहे हे तेथे सर्वांना ठाऊक असते, म्हणून ते जमते. तीच मुले गुणवंतांच्या सत्कारात एखाद्या निवृत्त अभियंत्याच्या किंवा तहसीलदाराच्या पाया पडतात, ‘आशीर्वाद असू द्या सर’ म्हणतात आणि निघून जातात. त्या साहेबांना मुलाचे नावही कळत नाही, आणि मुलाला ज्या परीक्षेची माहिती हवी होती ती त्या साहेबांनी स्वतः दिलेली असते!

जे काही बोलतात किंवा लिहितात, त्यांचे बोलणे बहुधा तीन वळणांनी जाते. पहिले वळण विनंती अर्जाचे. ‘मी एक गरीब व होतकरू विद्यार्थी असून माझे आईवडील शेतमजूर आहेत’ हे वाक्य आपल्या मुलांना पाठ आहे, कारण शिष्यवृत्ती, वसतिगृह, फी माफी या प्रत्येक ठिकाणी आपण त्यांच्याकडून गरिबी सिद्ध करून घेतली. तेथे ते योग्यच होय. तेथे उत्पन्नाचा दाखलाच लागतो. परंतु ज्याला आपल्यासोबत काम करणारा माणूस हवा आहे, त्याच्यापुढे हेच वाक्य पहिले आले तर त्याच्या मनात दया उत्पन्न होते, विश्वास नव्हे. दुसरे वळण बायोडाटाचे : जन्मतारीख, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, टायपिंग, एमएससीआयटी. सर्व खरे, पण ऐकणाऱ्याच्या लक्षात त्यातले एकही राहत नाही. तिसरे वळण हल्लीचे आहे. मोबाईलवर ‘हाय सर’ असा संदेश टाकायचा आणि उत्तराची वाट पाहत बसायचे. समोरच्याने काय उत्तर द्यावे? ‘हाय’?

आता चांगला परिचय कसा असतो, याचा नमुना पाहू. तो बाबासाहेबांच्याच एका पत्रात आहे.

जुलै १९४६ च्या सुमारास बाबासाहेबांनी अमेरिकेतील डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना एक पत्र लिहिले. डू बॉइस हे कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील थोर विद्वान. हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. ती त्यांना १८९५ साली मिळाली. १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी अमेरिकेत जी राष्ट्रीय संघटना निघाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक होते. १९४६ मध्ये त्यांचे वय ७८ वर्षांचे होते, बाबासाहेबांचे ५५. दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली नव्हती. हा पत्रव्यवहार डू बॉइस यांच्या कागदपत्रांत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेला आहे.

पत्र इंग्रजीत आहे आणि दीडशे शब्दांच्या आतबाहेरचे आहे. बाबासाहेब आरंभीच सांगतात की आपली समक्ष ओळख नाही, पण पीडितांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या कोणाही माणसाप्रमाणे मी आपल्याला नावाने ओळखतो. नंतर स्वतःविषयी : मी भारतातील अस्पृश्यांपैकी आहे, माझे नाव कदाचित आपल्या कानावर आले असेल. मग सांगतात की आपल्या लोकांच्या प्रश्नाचा मी अभ्यासक आहे, आपले लेखन वाचत आलो आहे आणि दोन्ही समाजांच्या स्थितीत इतके साम्य आहे की हा अभ्यास आम्हांला आवश्यकच ठरतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन दिल्याचे वाचले. आम्हीही तसे करण्याच्या विचारात आहोत. आणि शेवटी मागणी : त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळवून माझ्या पत्त्यावर पाठवाल काय? त्यानंतर आभार, आणि पत्र संपले.

विद्यार्थी मित्रांनो, या पत्रात काय नाही ते आधी पाहा. कोलंबियाची पीएच.डी. नाही, लंडनची डी.एस्सी. नाही, बॅरिस्टरी नाही. १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, त्याचाही मजकुरात उल्लेख नाही. १९१३ ते १९१६ ही तीन वर्षे त्यांनी डू बॉइस यांच्याच देशात, न्यूयॉर्कमध्ये काढली होती. दुसऱ्या कोणी पत्राची सुरुवातच त्यापासून केली असती. हे सारे गाळले ते केवळ विनयापोटी, असे आम्हांला वाटत नाही. डू बॉइस यांना हे पत्र वाचून एवढेच ठरवायचे होते की हा माणूस कोण आहे आणि याला ते निवेदन कशासाठी हवे. त्या निर्णयाला जेवढे लागते तेवढेच लिहिले आहे. आणि मागणी किती नेमकी! ‘आमच्या लढ्याला सहकार्य करा’ असे मोघम नव्हे, तर दोन-तीन प्रती, या पत्त्यावर. अशा मागणीला होय म्हणणे सोपे जाते.

डू बॉइस यांचे उत्तर ३१ जुलै १९४६ चे आहे. सोबत त्यांनी नॅशनल निग्रो काँग्रेस या संस्थेचे निवेदन जोडले. अधिक तपशीलवार व पुराव्यांसह असे दुसरे निवेदन पुढे येण्याची शक्यता आहे, ते झाल्यास त्याचीही प्रत पाठवीन, असे कळविले. आपले नाव व कार्य आपण अनेकदा ऐकले आहे, अस्पृश्यांविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे आणि पुढेही शक्य ती मदत करू, असेही लिहिले. ते दुसरे निवेदन डू बॉइस यांच्याच संपादनाखाली तयार होऊन ऑक्टोबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झाले.

हे झाले थोरांचे. आपल्या वाशिम, रिसोड, मानोऱ्याच्या मुलामुलींनी यातून घ्यायचे ते असे : ज्याच्याशी बोलतो त्याच्याविषयी एक खरे वाक्य, स्वतःविषयी कामाची दोन वाक्ये, आणि एक लहान, नेमकी मागणी.

खरी अडचण येते ती मधल्या दोन वाक्यांत. ‘सध्या काय करतोस?’ असे विचारले की आपला मुलगा म्हणतो, ‘काही नाही सर, घरीच असतो.’ खोदून विचारावे तर कळते की तो गावातल्या पाणबुडी मोटारी दुरुस्त करतो, किंवा बुद्धविहारातील वाचनालयाची नोंदवही दोन वर्षांपासून सांभाळतो, किंवा हंगामात सोयाबीनच्या तोलाईचा हिशेब व्यापाऱ्याशी तोच पडताळतो. याला तो काम समजत नाही, कारण त्याचे प्रमाणपत्र मिळालेले नसते. आम्ही म्हणतो, ऐकणाऱ्याला लक्षात राहते ते हेच. ‘बी.कॉम. ६२ टक्के’ असे हजार असतील. बचत गटाचे हिशेब लिहिणारी त्यांत कितीशी?

समजा, अशा एका मुलीला लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या आपल्या सदस्यांना संदेश पाठवायचा आहे. तिने असे लिहावे : ‘सर, जयभीम. आपण लेखापरीक्षण खात्यात काम केल्याचे संस्थेच्या स्मरणिकेत वाचले. मी मालेगाव तालुक्यातील असून यंदा बी.कॉम. झाले. दोन वर्षांपासून गावातील दोन महिला बचत गटांचे हिशेब मी लिहिते. या खात्याच्या परीक्षेसाठी लेखाशास्त्राची तयारी कोठून सुरू करावी, हे आपणांस विचारायचे आहे. रविवारी आपल्या सोयीने दहा मिनिटे फोन केला तर चालेल काय?’ आणि खाली पूर्ण नाव. बस्स. यात गरिबीचे वर्णन नाही आणि फुशारकीही नाही. नोकरी लावून द्या असेही नाही. अनोळखी माणसाकडे पहिल्याच भेटीत नोकरी मागितली की तो अवघडतो आणि पुढचा फोन उचलत नाही. माहिती मागितली तर बहुतेक माणसे आनंदाने देतात. अनुभव सांगायला कोणाला आवडत नाही?

लिंक्डइनसारख्या ठिकाणी ओळखीची विनंती पाठवताना लिहायला मोजकीच जागा असते. तेथे पहिले आणि शेवटचे वाक्य ठेवावे, मधले दोन आपल्या माहितीच्या पानावर लिहावेत. तोंडी सांगायचे असेल तर नाव सावकाश सांगावे. आपली मुले नावच गिळतात! इंग्रजीचा सोस असेल तर ‘मायसेल्फ अमुक तमुक’ हे तेवढे टाळावे. ‘माय नेम इज’ पुरे. आणि गाव विचारले तर वाशिमच सांगावे. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तरी पुण्या-मुंबईला गेलेली मुले अजून ‘अकोल्याकडचा’ म्हणून वेळ निभावतात. वत्सगुल्म या नावाने हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे शहर होते, हे ऐकल्यावर समोरचा माणूस दोन प्रश्न जास्त विचारतो असा अनुभव आहे.

आता ज्या गोष्टीमुळे आपली मुले मुळात बोलायलाच कचरतात, तिच्याविषयी. आडनाव सांगितले की पुढचा प्रश्न काय येणार हे त्यांना ठाऊक असते. आपल्याकडे वानखडे, इंगळे ही आडनावे अनेक जातींत आहेत. त्यामुळे ‘वानखडे म्हणजे कोणते?’ असे अगदी गोड आवाजात विचारले जाते. काही मुले या भीतीने आडनावच गाळतात, गाव बदलून सांगतात. काही जण उलट पहिल्याच वाक्यात सर्व सांगून समोरच्याची परीक्षा पाहतात. आम्हांला या बाबतीत ते १९४६ चे पत्रच मार्गदर्शक वाटते. ‘मी अस्पृश्यांपैकी आहे’ हे बाबासाहेबांनी दुसऱ्याच वाक्यात लिहिले, कारण विषयच तो होता. लपविले नाही, आणि दया मागण्यासाठीही वापरले नाही. ज्या कामाचा समाजाशी संबंध आहे तेथे आपणही स्वच्छ सांगावे. ज्या कामाचा नाही, उदाहरणार्थ मोटार दुरुस्तीचे किंवा हिशेबाचे, तेथे सांगण्याचे कारण नाही. पूर्ण नाव मात्र ठामपणे सांगावे. आणि तरीही कोणी ‘कोणते?’ विचारलेच तर ‘बौद्ध’ हे एका शब्दाचे उत्तर देऊन लगेच कामाच्या विषयाकडे यावे. विचारणाऱ्याने अवघडावे, आपण कशाला?

थोडे समाजातील वडीलधाऱ्यांसाठीही लिहिणे भाग आहे. दुसऱ्याची ओळख करून देणे हेही मोठे काम आहे. बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा कृ. अ. केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे शिक्षण अडले तेव्हा त्यांना सयाजीराव गायकवाड महाराजांकडे नेले. महाराजांनी प्रश्न विचारले ते मात्र त्या तरुणालाच. त्याच्या उत्तरांनी समाधान झाल्यावर दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि १९१२ साली ते बी.ए. झाले. गुरुजींनी दार उघडून दिले, पण आत जाऊन बोलायचे होते ते स्वतःलाच. आपल्याकडे नेमके याच्या उलट चालते. मुलाच्या वतीने आपणच बोलतो, ‘आपलाच पोरगा आहे, बघा काहीतरी’ म्हणतो, आणि तो पाठीमागे मान खाली घालून उभा असतो.

दुसरे म्हणजे उत्तराचे. वयाच्या ७८ व्या वर्षी डू बॉइस यांनी परदेशातील एका अपरिचिताला उत्तर दिले, सोबत कागद जोडला. आपल्यातील नोकरदार मंडळी मुलांचे संदेश वाचतात आणि राहू देतात. सर्वांनाच वेळ असतो असे नाही. पण ‘मला यातली माहिती नाही, अमुक यांना विचार’ एवढे लिहायला अर्धे मिनिट लागते.

विद्यार्थ्यांसाठी राहिलेली एक बाब. कोणी माहिती दिली, पुस्तक सांगितले, फोन नंबर दिला, तर पंधरा-वीस दिवसांनी त्याचे काय केले ते दोन ओळींत कळवावे. पुस्तक मिळाले, तीन प्रकरणे झाली, अमुक ठिकाणी अडले. हा दुसरा संदेश फार थोडे पाठवतात, आणि नाव लक्षात राहते ते त्यांचेच.